‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’

रविवारची उपासना आटोपल्यावर लोक एकमेकांची विचारपूस करीत दाराशी उभे होते, तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वृद्ध मावशी गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. त्यांच्या एका मुठीत ओलसर झालेला रुमाल होता आणि तो माझ्या तळव्याला लागत होता, एवढे मला अजून स्पष्ट आठवते. त्या म्हणाल्या, “देवानं तुमची प्रार्थना ऐकली. परवा रात्री त्याचा फोन आला.” दोन वर्षांपासून त्यांच्या मुलाने त्यांच्याशी बोलणे टाकले होते. महिन्याभरापूर्वी त्यांनी ही व्यथा माझ्या कानावर घातली होती आणि मी गंभीर होऊन उत्तर दिले होते, “मावशी, मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो.” त्यानंतरच्या महिन्याभरात मी त्यांच्यासाठी एकदाही प्रार्थना केली नव्हती. घरी पोहोचेपर्यंत ती गोष्ट माझ्या मनातून गेली होती. तरीही त्या दिवशी दाराशी उभा राहून मी म्हणालो, “प्रभूची स्तुती असो,” आणि त्यांचे आभार मुकाट्याने स्वीकारले.

मी खोटे बोललो होतो. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला, कारण खोटे बोलणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फसवणूक, बनावट कागद, पैशांची अफरातफर अशा गोष्टी येतात आणि त्यांतले आपण काहीच केलेले नसते. विश्वासी माणसाचा खोटेपणा बहुधा तिथून सुरूच होत नाही. तो देवाच्या नावाने बोललेल्या चांगल्या वाक्यांतून आत शिरतो. ‘प्रभूने माझ्या मनात घातले’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ती आपलीच इच्छा असते. ‘मी त्याला केव्हाच क्षमा केली आहे’ असे म्हणतो आणि त्या माणसाचे नाव निघताच चेहरा आवळला जातो. ‘सर्व काही प्रभूच्या कृपेने ठीक आहे’ असे म्हणतो, आणि घरी रात्ररात्र झोप नसते. ही वाक्ये मी आयुष्यभर ऐकत आणि बोलत आलो आहे. ती वाईट नाहीत, उलट फार मोलाची आहेत, आणि म्हणूनच ती रिकामी वापरली गेली की नुकसानही तितकेच मोठे होते.

त्या रात्री मी बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय उघडला. प्रेषित पौलाने हे पत्र करिंथ शहरातल्या मंडळीला इसवी सनाच्या पन्नाशीत इफिस इथून लिहिले. करिंथच्या मंडळीत एक उघड अनैतिक संबंध चालू होता, सगळ्यांना तो ठाऊक होता, आणि तरीही मंडळी स्वतःच्या आध्यात्मिकतेवर खूश होती. पौल त्यांना फुगलेले म्हणतो आणि पुढच्याच ओळींत खमिराचा, म्हणजे पीठ आंबवणाऱ्या पदार्थाचा, दाखला देतो: थोडे खमीर सगळा गोळा फुगवते. मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेची आठवण म्हणून पाळायच्या वल्हांडणाच्या सणात इस्राएली लोकांनी सात दिवस घरात खमीर ठेवायचे नाही, असा निर्गमाच्या बाराव्या अध्यायात नियम आहे, आणि त्या नियमाला धरून पौल लिहितो की आपण ‘सात्त्विकपणा व खरेपणा ह्या बेखमीर भाकरींनी सण पाळावा’.

‘सात्त्विकपणा’ या शब्दाने आपल्या मनात शांत, सौम्य, साध्या राहणीचा माणूस उभा राहतो, पण मूळ ग्रीक शब्दाचा रोख वेगळा आहे. ‘एइलिक्रिनेइया’ म्हणजे निर्भेळपणा, ज्यात दुसरे काही मिसळलेले नाही अशी अवस्था. सूर्यप्रकाशात धरून पारखलेली वस्तू, असा त्याचा उगम जुने भाष्यकार सांगत आले आहेत. त्या व्युत्पत्तीबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही, पण शब्दाच्या अर्थाला ते चित्र शोभते. हा शब्द संपूर्ण नव्या करारात फक्त 3 वेळा येतो आणि तिन्ही वेळा करिंथकरांच्याच दोन पत्रांत येतो. ज्या मंडळीला भाषेची, ज्ञानाची आणि वक्तृत्वाची इतकी हौस होती, तिलाच पौलाला हा शब्द पुन्हा पुन्हा सांगावा लागला, हे मला फार सूचक वाटते. त्यांतल्या एका ठिकाणी तो म्हणतो की देवाच्या वचनात भेसळ करणाऱ्या पुष्कळांसारखे आम्ही नाही. भेसळ हा शब्द मला टोचला. भेसळीच्या वस्तूत बहुतांश भाग अस्सलच असतो, आणि त्या अस्सल भागाच्या जोरावरच बाकीचे खपते. माझी मावशींबद्दलची कळकळ त्या क्षणी खोटी नव्हती. तिच्यात मी एक वचन मिसळले, जे पाळण्याचा माझा विचारच नव्हता.

येशूने खमिराचाच दाखला एकदा शिष्यांना दिला होता. परूश्यांच्या, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाच्या, खमिरापासून जपा, असे तो म्हणतो आणि ते खमीर म्हणजे ढोंग, असा अर्थही लूकच्या बाराव्या अध्यायात दिलेला आहे. ढोंगी या अर्थी शुभवर्तमानांत आलेला ग्रीक शब्द ‘हिपोक्रितेस’ हा मूळचा रंगभूमीवरचा. नाटकात सोंग वठवणारा नट, असा त्याचा अर्थ. नट वाईट माणूस नसतो. तो प्रेक्षकांसाठी उभा असतो, एवढेच. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तीन गोष्टी घेतो आणि तिन्हींच्या बाबतीत एकच प्रश्न पुढे ठेवतो: हे कोणासाठी चालले आहे? लोकांना दिसावे म्हणून जे करतात त्यांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले आहे, असे तो म्हणतो. इथे जे ग्रीक क्रियापद आहे ते त्या काळच्या व्यवहारात पावतीवर लिहीत असत: रक्कम पूर्ण मिळाली, आता येणे काही नाही. मावशींनी माझे हात धरले तेव्हा मला ती पावती मिळाली होती. न केलेल्या प्रार्थनेचे पूर्ण श्रेय मी वसूल केले होते आणि देवाकडे त्या खात्यावर माझे काहीच नव्हते.

डोंगरावरच्या प्रवचनात शपथेविषयी जे सांगितले आहे ते आपण फार पटकन वाचून पुढे जातो. त्या काळी लोक स्वर्गाची, पृथ्वीची, यरुशलेमेची, स्वतःच्या मस्तकाची शपथ वाहत. त्यातही प्रती होत्या: मंदिराची शपथ वाहिली तर काही नाही, पण मंदिरातल्या सोन्याची वाहिली तर ती बांधते, अशा शिकवणुकीवर येशू मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात कडक बोलला आहे. शब्दाला किंमत चढवण्यासाठी शपथ लागते, याचाच अर्थ शपथेविना बोललेल्या शब्दाची किंमत उतरलेली असते. म्हणून तो म्हणतो, ‘तुमचे बोलणे, होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे.’ सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या लोकांनी हे वचन अक्षरशः घेतले आणि न्यायालयातसुद्धा शपथ घ्यायचे नाकारले. त्यासाठी त्यांनी तुरुंगवास भोगला, आणि अखेर 1696 साली शपथेऐवजी साधे प्रतिज्ञापूर्वक सांगणे ग्राह्य धरणारा कायदा तिथे झाला. शपथेचा अर्थ त्यांच्यासारखाच घ्यावा की नाही, यावर मंडळ्यांत मतभेद आहेत. मला त्यांच्यातली एक गोष्ट मोहवते: बुधवारचे बोलणे आणि न्यायालयातले बोलणे एकाच तोलाचे असले पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

आणि आपली तर प्रत्येक प्रार्थनाच ‘आमेन’ या शब्दावर थांबते. ‘आमेन’चे हिब्रू मूळ स्थिर असणे, टिकून राहणे, भरवसा ठेवता येणे या अर्थाचे आहे, आणि सत्य या अर्थाचा ‘एमेत’ हा हिब्रू शब्द त्याच मुळातून येतो. सत्य म्हणजे ज्यावर भार टाकला तरी जे खचत नाही ते. येशूच्या बोलण्यात आपण ‘मी तुम्हांला खचीत सांगतो’ असे वाचतो, तिथे मुळात ‘आमेन’च आहे, योहानाच्या शुभवर्तमानात तर ‘खचीत खचीत’ असा तो दुहेरी येतो आणि एकूण 25 वेळा येतो. इतरजण वाक्याच्या शेवटी आमेन म्हणतात, तो वाक्याच्या आरंभी म्हणतो. माझ्या वाक्यावर मावशींनी भार टाकला होता. त्या महिनाभर, रात्री डोळा लागत नसेल तेव्हा, आपल्याबरोबर आणखी कोणीतरी देवापुढे उभे आहे असे मानून धीर धरत होत्या, आणि तिथे कोणीही उभे नव्हते.

प्रेषितांच्या कृत्यांतला हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोच्या अचानक मृत्यूचा प्रसंग मला लहानपणी फक्त भीतिदायक वाटायचा. चौथ्या अध्यायाच्या शेवटी बर्णबा आपले शेत विकून सगळे पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवतो. लगेच पाचव्या अध्यायात हे जोडपे जमीन विकते, काही रक्कम मागे ठेवते आणि उरलेली ‘हीच सगळी’ म्हणून आणून देते. पेत्राचा त्यांना विचारलेला प्रश्न नीट वाचला की दिसते की पैसे मागे ठेवणे हा दोष नव्हताच. जमीन होती तोवर तुझीच होती ना, विकल्यावरही रक्कम तुझ्याच हाती होती ना, असे तो म्हणतो. त्यांनी अर्धे दिले असते आणि ‘अर्धे देतो’ म्हटले असते, तर ते मंडळीतले चांगले दाते म्हणून ओळखले गेले असते. त्यांना बर्णबाइतका त्याग झेपत नव्हता, पण बर्णबाला मिळालेला मान मात्र हवा होता. या दोन गोष्टींमधल्या फटीत ते खोटे उभे राहिले. माझ्या बाबतीत तसेच घडले. मी सरळ म्हणू शकलो असतो, “मावशी, ऐकून फार वाईट वाटले.” तेवढे खरे होते, आणि तेवढे पुरेसेही होते.

आणि तो बर्णबा! गलतीकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखियातला प्रसंग आहे. पेत्र तिथे परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसत असे. यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आल्यावर त्यांच्या भीतीने तो हळूहळू अंग काढून घेऊ लागला. बाकीच्या यहूद्यांनी त्याचेच पाहून तसे केले, आणि पौल दुःखाने लिहितो की बर्णबासुद्धा त्यांच्या ढोंगाने ओढला गेला. शेताचे पैसे प्रामाणिकपणे ठेवणारा बर्णबा इथे पंक्तीतून उठला. या प्रसंगात कोणीही खोटे वाक्य उच्चारल्याची नोंद नाही. फक्त बसण्याची जागा बदलली होती. तरी पौलाच्या मते ते सुवार्तेच्या सत्याला धरून सरळ चालत नव्हते, आणि त्याने ते सर्वांसमक्ष पेत्राला सांगितले. मी जेव्हा जेव्हा एखाद्या माणसाशी एकांतात आपुलकीने वागतो आणि चारचौघांत त्याला टाळतो, तेव्हा मला हा प्रसंग आठवायला हवा, आणि तो बहुधा उशिराच आठवतो.

पैशांच्या बाबतीत पौल किती काटेकोर होता, ते थोडक्यात सांगतो. यरुशलेमेतल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी गोळा केलेली वर्गणी नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली, कारण जे योग्य ते केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे, माणसांच्या दृष्टीनेही योग्य दिसावे अशी त्याची काळजी होती. आमच्या मंडळीत दानाची पेटी उघडताना नेहमी दोन माणसे असतात आणि दोघांच्या सह्या होतात. याला कोणी अविश्वास म्हणू नये. ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाच आपण संशयापासून वाचवत असतो.

खरेपणाचा एक विपर्यासही पाहिला आहे, आणि काही काळ मी स्वतः त्यात होतो. ‘मी तोंडावर बोलतो, मला आत एक बाहेर एक जमत नाही,’ असे अभिमानाने सांगणारी माणसे प्रत्येक मंडळीत असतात. एका तरुणाने पहिल्यांदाच सभेत आपल्या विश्वासाची साक्ष दिली, तेव्हा त्याने सांगितलेल्या वचनाचा संदर्भ चुकला होता, आणि मी तो तिथल्या तिथे सर्वांसमोर दुरुस्त केला. संदर्भ मी सांगितला तोच बरोबर होता. त्यानंतर तो तरुण पुन्हा कधी साक्ष द्यायला उभा राहिला नाही. इफिसकरांच्या चौथ्या अध्यायात सत्य आणि प्रेम एकाच वाक्यात बांधलेले आहेत, आणि पुढे खरे बोलण्याचे कारणही दिले आहे: आपण एकमेकांचे अवयव आहोत. डोळ्यात गेलेला कण बोट काढते, पण बोटाने किती दाब द्यायचा हे शरीराला कळते. मला ते कळले नव्हते, आणि माझ्या स्पष्टवक्तेपणात त्या तरुणाच्या भल्यापेक्षा माझ्या पाठांतराचा अभिमान जास्त होता.

मग खरे होण्याचे बळ येते कुठून? स्वतःवर लक्ष ठेवून, प्रत्येक वाक्य तोलूनमापून बोलण्याचा प्रयत्न मी करून पाहिला. त्यातून माणूस सावध होतो, खरा होतोच असे नाही. करिंथकरांच्या पत्रातल्या त्याच पाचव्या अध्यायात एक वाक्य आहे जे मी कितीतरी वर्षे नुसते वाचत होतो. जुने खमीर काढून टाका, असे सांगताना तो म्हणतो की तुम्ही बेखमीर आहातच, कारण आपला वल्हांडणाचा कोकरा, ख्रिस्त, अर्पिला गेला आहे. क्रम असा आहे. आधी कोकरा, मग घराची झाडलोट. ज्याची क्षमा आधीच झाली आहे, त्याला लपवून वाचवायचे असे काही उरत नाही. याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्री म्हणाली, मला नवरा नाही; ते शब्दांपुरते खरे होते आणि तिने त्यामागे बाकी सगळे झाकले होते. येशूने तिचे सगळे आयुष्य तिच्यापुढे मांडले, पण तिला विहिरीवरून हाकलले नाही. गावात जाऊन तिने काय सांगितले? मी केलेले सर्व ज्याने मला सांगितले तो माणूस पाहायला चला. जे झाकण्यासाठी ती धडपडत होती, तेच तिच्या तोंडी सुवार्ता होऊन आले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला या संदर्भात नेहमी धीर देते. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर ज्या सिद्धान्तांची त्यांना खात्री पटली नव्हती ते केवळ वडीलधाऱ्यांनी सांगितले म्हणून मान्य करायला त्यांनी पत्रापत्रीतून ठाम नकार दिला. ज्यांच्या आश्रयाला आपण आहोत त्यांनाच ‘मला हे पटलेले नाही’ असे लिहिणे किती अवघड असेल! पण त्याहूनही मोठी गोष्ट पुढची आहे. जगभर नाव झाल्यावर 1907 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहून ठेवले की बाप्तिस्म्यानंतरची काही वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो सापडला नव्हता. हे त्यांनी लिहिले नसते, तर कोणाला कळलेही नसते.

मला मावशींशी बोलायला दोन रविवार लागले. पहिल्या रविवारी मी त्यांच्या समोरून निघून गेलो. सांगून त्यांना उगाच दुःख कशाला द्यायचे, त्यांचा आनंद कशाला हिरावायचा, अशी कारणे मी स्वतःला दिली, आणि ती सगळी त्यांच्या भल्याच्या भाषेत होती. दुसऱ्या रविवारी उपासना संपल्यावर त्या मागच्या बाकावर गीतपुस्तक पिशवीत घालत बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, “मावशी, मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो म्हणालो होतो. मी एकदाही केली नाही. तुम्ही माझे आभार मानलेत तेव्हाही मी गप्प राहिलो. मला क्षमा करा.”

त्यांनी पिशवीची दोरी ओढून गाठ मारली. बराच वेळ त्या समोर, रिकाम्या व्यासपीठाकडे पाहत होत्या. मला वाटले, त्या उठून जातील.

“मग आता करा,” त्या म्हणाल्या. “अजून नुसता फोनच आलाय. तो आलेला नाही.”

मी मान खाली घातली, डोळे मिटले आणि सुरुवात करणार तेवढ्यात त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवून मला थांबवले. “त्याचं नाव माहीत आहे का तुम्हांला?”

मला माहीत नव्हते. मी विचारलेच नव्हते. त्यांनी ते सांगितले, दोनदा सांगितले, आणि मग त्यांनीही डोळे मिटले.